प्रांगणाचा जीर्णोद्धार
(व्याख्यान)



जीर्णोद्धार हा शब्द कानावर पडला की डोळ्यांपुढे शिखर उभे राहते, गाभारा येतो, कळसावरचे नवे सोने चमकू लागते. ज्या आवारात भक्त आपले वाहन उभे करतो, पादत्राणे काढण्यापूर्वी ज्या भूमीवर त्याचे पहिले पाऊल पडते, त्या आवाराचे स्मरण ह्या शब्दाबरोबर सहसा कोणाला होत नाही. वस्तुतः वृद्ध भक्ताची आणि देवस्थानाची पहिली भेट होते ती तेथेच. फुटलेल्या डांबरात काठी अडकून जी आजी पडली, तिला मंदिराच्या नक्षीकामाचे कौतुक सांगण्यात काय अर्थ आहे?

धर्मशास्त्राने सत्कर्मांचे इष्ट आणि पूर्त असे दोन विभाग केले. यज्ञयागादी कर्म ते इष्ट. विहीर, तलाव, देवालय, आराम अशी सर्वांच्या उपयोगाची बांधकामे ते पूर्त. वाहनतळ हा शब्द प्राचीनांच्या कोशात सापडणार नाही, परंतु येणाऱ्याजाणाऱ्या सर्वांच्या सोयीची जागा म्हटल्यावर तिचे स्थान पूर्तातच आहे, ह्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नागरकाच्या कर्तव्यांचे एक प्रकरण आहे. रस्त्यावर केरमाती टाकणाऱ्यास एक-अष्टमांश पण दंड त्यात सांगितला आहे, आणि चिखलपाणी तुंबवणाऱ्यास पाव पण, म्हणजे नेमका दुप्पट. राजमार्गावर हाच अपराध घडला तर दंड पुन्हा दुप्पट. धुळीपेक्षा तुंबलेले पाणी मार्गाचा मोठा शत्रू आहे, हे त्या शास्त्रकाराने इतक्या मोजक्या शब्दांत नोंदवून ठेवले. आजचा स्थापत्य अभियंता ह्याहून वेगळे काही सांगत नाही.

सुरतेसारख्या नगरीत ह्या विषयाला विशेष महत्त्व आहे. उधना, लिंबायत, डिंडोली ह्या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे फार मोठ्या संख्येने वसलेली आहेत. अशा वस्त्यांतील संस्थांची आवारे जेव्हा प्रथम बांधली जातात, तेव्हा चार सायकली आणि उत्सवाच्या दिवशी एखादा टेंपो एवढाच हिशेब असतो. पुढे दुचाकींची दाटी होते, मोटारी येतात, प्रसादाच्या साहित्याचे मालमोटार आत वळते. आवार तेच राहते, त्यावरील भार मात्र पिढीगणिक वाढत जातो. त्यातच पाऊस. सुरतेचे वार्षिक पर्जन्यमान बाराशे मिलिमीटरच्या आसपास आहे आणि ते जवळजवळ सगळे जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांतच कोसळते.

डांबरी पृष्ठभाग म्हातारा कसा होतो हे थोडे समजून घेतले पाहिजे, कारण त्यावाचून पुढील खर्चाचा उलगडा होणार नाही. नव्या डांबरात लवचिकपणा असतो. उन्हाने आणि हवेतील प्राणवायूने तो वर्षावर्षाने कमी होत जातो. काळा रंग राखाडी पडतो, खडी सुटू लागते, केसासारख्या बारीक भेगा उमटतात. येथवर हानी वरवरची असते. पण भेगेतून पाणी खाली उतरले की खडीच्या थरातील बारीक माती सैल होते, चाकाच्या दाबाबरोबर चिखल होऊन वर येते, आणि पृष्ठभागाखाली पोकळी राहते. मग एके दिवशी जो खड्डा पडलेला दिसतो, तो त्या दिवशीचा नसतो. वाहनाच्या इंजिनातून ठिबकणारे तेलही डांबराला विरघळवते. म्हणून नित्य वाहने उभी राहतात त्या जागा आधी खचतात.

अशा वेळी बहुतेक संस्था एकच उपाय करतात. उत्सव जवळ आलेला असतो, एखादा दाता पुढे येतो, आणि जुन्या थरावर नवा थर अंथरला जातो. आवार काळेभोर दिसू लागते, सर्वांना समाधान होते. परंतु खालची भूमी जशी होती तशीच असल्यामुळे तीच भेग त्याच जागी दोन-तीन पावसाळ्यांत पुन्हा वर येते. शिवाय प्रत्येक थराबरोबर आवाराची पातळी चढत जाते. तीन-चार वेळा असे झाले म्हणजे आवार उंच आणि मंदिराचा उंबरठा खोल, अशी विपरीत अवस्था होते, आणि पावसाचे पाणी सभामंडपाकडे धावू लागते. पूर्वी चढण्याच्या ज्या पायऱ्या होत्या त्यांतील खालची एखादी डांबराखाली कायमची गडप झालेली अनेक देवस्थानांत पाहावयास मिळते. जुना थर खरवडून काढणे खर्चाचे आहे खरे. पण खरवडलेला माल टाकून द्यावा लागत नाही, खालच्या भरावात त्याचा उपयोग करता येतो.

म्हणून काम आरंभण्यापूर्वी दोन-चार ठिकाणी चाचणीखड्डे खणून पाहावेत. ह्याला खर्च किरकोळ येतो आणि त्यातून जे कळते त्याचे मोल फार असते. सुरत परिसरात तापीने वाहून आणलेल्या गाळाबरोबरच काळी, चिकण माती पुष्कळ ठिकाणी आढळते. कापसाला जी माती वरदान, तीच बांधकामाला संकट आहे. पाण्याने ती फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हाताची बोटे जातील एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर कितीही उत्तम फरसबंदी केली तरी वर्षातून एकदा ती खालून उचलली जाते आणि एकदा खाली ओढली जाते. अशी माती काही खोलीपर्यंत काढून तेथे मुरूम भरावा, किंवा तिच्यात चुना मिसळून तिचा स्वभाव पालटावा, हे दोन मार्ग रूढ आहेत. त्यावर खडीचे थर, प्रत्येक थर योग्य तेवढ्या ओलाव्यावर रोलरने दाबलेला, आणि दाबल्यानंतर त्याची घनता तपासलेली. हे सगळे झाल्यावर मग पृष्ठभागाचा प्रश्न येतो. हलक्या वाहनांच्या आवाराला काँक्रीटचे पेव्हर ब्लॉक सोयीचे ठरतात. मात्र पायवाटेसाठी मिळणारे पातळ ब्लॉक वाहनांखाली टिकत नाहीत. मोटारींसाठी साठ मिलिमीटर आणि मालमोटार वळते त्या भागात ऐंशी मिलिमीटर जाडी घ्यावी. त्यांना कडेने भक्कम काँक्रीटचा बंध हवा, नाही तर एका बाजूने ते सरकू लागतात आणि सारे आवार सैल दाताप्रमाणे हलू लागते.

खडीच्या जागी पोलादाच्या कारखान्यातून निघणारी मळी वापरण्याचा प्रयोग ह्याच सुरतेजवळ, हजिरा येथे झाला. केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या मार्गदर्शनाखाली प्रक्रिया केलेल्या मळीचा सहा पदरी रस्ता तेथे बांधण्यात आला आणि २०२२ साली तो खुला झाला. सुमारे एक लाख टन मळी त्यात वापरली गेली. हे ऐकून एखादा उत्साही कार्यकर्ता कारखान्यातून स्वस्तात मळीची गाडी भरून आणील, तर सांभाळावे. कच्च्या मळीतील मोकळा चुना पाणी पिऊन फुगतो आणि वरची फरसबंदी उखडून टाकतो. योग्य रीतीने मुरवलेली आणि तपासलेली मळीच चालते.

आता अडचणींचा विचार. अंदाजपत्रक कितीही काळजीपूर्वक केले तरी भूमी उघडल्यावर तीत न लिहिलेल्या गोष्टी निघतातच. जुनी बिडाची जलवाहिनी निघते. ती कोठून कोठे जाते हे सांगणारा मिस्त्री कधीच निवर्तलेला असतो. बुजवलेला शोषखड्डा निघतो. गुजरातेतील जुन्या वस्त्यांत घराखाली पावसाचे पाणी साठवण्याची टांकी असत. तसे एखादे टांके पायाखाली पोकळ सापडते. अशा वेळी ठेकेदाराचा माणूस सहज म्हणतो की वरून माती लोटून देऊ, कोणाला दिसणार आहे? हाच खरा कसोटीचा क्षण असतो. टांके नीट रिकामे करून थराथराने भरावयाचे, तर आठ-दहा दिवस आणि बरीच रक्कम जाते. न भरावे, तर पुढे एखादे भरलेले वाहन त्या जागी खचण्याचा धोका भक्तांच्या माथी बसतो. जेथे फुटकी वाहिनी सापडते, तेथे आवार वर्षानुवर्षे का खचत होते ह्याचे कारणही बहुधा तीच असते. अशा स्थितीत ती अडचण हेच निदान आहे, आणि ती वेळेवर सापडली ह्याचा आनंद मानला पाहिजे.

मजुरांचा प्रश्न निराळा. सुरतेच्या बांधकामांवर दाहोद, पंचमहाल ह्या बाजूचे आदिवासी मजूर मोठ्या संख्येने येतात आणि होळीला ते आपल्या गावी जातात. ह्यात त्यांचा दोष कोणता? देवाच्या कामासाठी त्यांनी आपला सण सोडावा अशी अपेक्षा धरणाऱ्याने आधी स्वतःचा एक सण सोडून पाहावा. दिवाळीनंतर आरंभ करून होळीपूर्वी भूमीखालचे सर्व काम पुरे करावे आणि पृष्ठभागाचे काम उन्हाळ्यात घ्यावे, अशी आखणी केली म्हणजे तो खंड अडचण राहत नाही. डांबराचा भाव खनिज तेलाच्या भावाबरोबर हलतो आणि तेल कंपन्या तो महिन्यातून दोनदा ठरवतात. तेव्हा कार्तिकात घेतलेली किंमत वैशाखात कायम राहील असे समजू नये. वस्तू व सेवा कर निविदेच्या रकमेत धरलेला आहे की वेगळा, हे न विचारल्यामुळे कित्येक मंडळांचे हिशेब अखेरीस ढासळतात.

काम अर्धे झाले असताना पैसा संपला, तेव्हा काय करावे? ह्या प्रश्नाला एक फार जुने उत्तर ह्याच गुजरात राज्यात शिळेवर कोरलेले आहे. जुनागडला गिरनारच्या वाटेवर जी मोठी शिळा आहे, तिच्यावर अशोकाच्या आज्ञांबरोबर महाक्षत्रप रुद्रदामन ह्याचा संस्कृत लेख आहे. संस्कृत गद्यातील एवढ्या विस्ताराचा त्याहून जुना शिलालेख ज्ञात नाही. त्याचा विषय युद्ध किंवा यज्ञ नाही. फुटलेल्या बांधाची दुरुस्ती हा त्याचा विषय आहे.

सुदर्शन नावाचा तलाव चंद्रगुप्त मौर्याच्या काळी त्याचा अधिकारी वैश्य पुष्यगुप्त ह्याने बांधविला. अशोकाच्या कारकिर्दीत यवनराज तुषास्फ ह्याने त्याला प्रणाली, म्हणजे पाण्याच्या वाहत्या वाटा, जोडल्या. पुढे शके ७२, म्हणजे इ. स. १५० च्या सुमारास, मार्गशीर्षाच्या कृष्ण प्रतिपदेला भयंकर वादळी पाऊस झाला. मार्गशीर्षात! ज्या महिन्यात कोणी पुराची कल्पनाही करणार नाही, त्या महिन्यात सुवर्णसिकता, पलाशिनी ह्या नद्यांनी बांध फोडला. भगदाड चारशे वीस हात लांब, तेवढेच रुंद आणि पंचाहत्तर हात खोल पडले. सारे पाणी वाहून गेले, आणि सुदर्शन तलाव दुर्दर्शन झाला, असा श्लेष लेखकाने त्या दुःखातही साधला आहे.

ह्यापुढील भाग प्रत्येक विश्वस्त मंडळाने ध्यानपूर्वक वाचावा असा आहे. राजाचे सल्ला देणारे आणि काम करणारे, दोन्ही प्रकारचे मंत्री गुणवान होते, तरी भगदाडाचा आकार पाहून त्यांचा उत्साह गळाला आणि त्यांनी दुरुस्तीला विरोध केला. बांध पुन्हा होणार नाही अशा निराशेने प्रजेत हाहाकार उडाला. तेव्हा आनर्त-सुराष्ट्राचा अधिकारी, कुलैपाचा पुत्र पह्लव सुविशाख, ह्याने ते काम उभे केले आणि बांध पूर्वीपेक्षा तिप्पट मजबूत केला. रुद्रदामनाने आवर्जून कोरविले आहे ते असे, की ह्या कामासाठी प्रजेवर कर, वेठ किंवा प्रेमभेट म्हणून घेतलेली वर्गणी लादली नाही. खर्च आपल्या कोशातून केला. ‘प्रणय’ हा तेथील शब्द मोठा बोलका आहे. नाव प्रेमाचे आणि वसुली सक्तीची, असा हा प्रकार त्या काळीही लोकांच्या परिचयाचा होता म्हणावयाचे! आजच्या काळीही एखाद्या गरीब भक्ताला चारचौघांत उभे करून आकडा विचारला जातो, तेव्हा तो प्रणयच असतो.

तीनशे वर्षांनी, स्कंदगुप्ताच्या राज्यात, इ. स. ४५५ च्या सुमारास तोच बांध भाद्रपदात रात्री पुन्हा फुटला. ह्या वेळी पर्णदत्ताचा पुत्र चक्रपालित ह्याने तो बांधविला. मौर्य, शक, गुप्त. वैश्य, यवन, पह्लव. एकाच तलावाच्या दुरुस्तीत ह्या साऱ्यांचे हात लागले. ज्याने आरंभ केला त्याच्या नावाबरोबर ज्याने नाली बांधली त्याचे नाव त्या शिळेवर राहिले. तलाव आज नाही. त्याची जागा नेमकी कोणती ह्याविषयी अभ्यासक अजून बोलत असतात.

राजाजवळ कोश होता. संस्थेजवळ दात्यांचा विश्वास आहे. एवढा एक भेद मनात ठेवून तोच धडा मठाच्या आवाराला लावता येतो. पहिली गोष्ट, अंदाजपत्रकाच्या निदान एक-दशांश इतकी रक्कम अकल्पित खर्चासाठी प्रथमपासून बाजूला ठेवावी आणि तिला हात लावण्याचा अधिकार एका व्यक्तीला नसावा. टांके निघाले, वाहिनी फुटकी निघाली, तर ती बातमी दात्यांना त्याच आठवड्यात, खर्चाच्या आकड्यासह कळवावी. व्यवस्थापक येथेच बिचकतात. दाता नाराज होईल, मंडळाच्या कर्तृत्वाला बोल लागेल, म्हणून कामाची जाडी गुपचूप कमी केली जाते: खडीचा थर आठ इंचांऐवजी पाच इंच, नाली पुढच्या वर्षी. आवार वेळेवर पुरे होते, फीत कापली जाते, आणि तिसऱ्या पावसाळ्यात तोच दाता तोच खड्डा पाहतो. मग तो पुन्हा कधी विचारीत नाही, आणि पुन्हा कधी देतही नाही. उलट, काम तीन महिने थांबले आहे आणि का थांबले आहे, असा फलक ज्या आवाराच्या दारावर स्पष्ट लावलेला असतो, तेथे भक्त कुरकुरतात, पण फिरकत राहतात.

दानशिलेचाही प्रश्न आहे. प्रवेशद्वाराला नाव मिळते, बाकाला मिळते. मुरुमाच्या थराला कोणाचे नाव द्यावे? त्यामुळे वरच्या कामाला पैसा सहज मिळतो आणि खालच्या कामाला मिळत नाही. ह्यावर साधा उपाय असा, की प्रवेशद्वार, बाक, दीप ह्यांसाठी निराळ्या देणग्या घेऊ नयेत. सारे काम एक धरावे आणि सर्व दात्यांची नावे एकाच फलकावर अकारविल्हे यावीत. अर्थशास्त्रात एकत्र मिळून बांध घालण्याचा एक नियम आहे. जो त्या कामातून अंग काढून घेतो, त्याने आपले मजूर आणि बैल पाठवावेत, खर्चाचा वाटाही द्यावा, मात्र लाभाचा वाटा त्याला मिळणार नाही. एवढी कठोरता मठाला शोभणार नाही. तरी नाव फक्त दिसणाऱ्या दगडावरच हवे असे म्हणणाऱ्या दात्याला हा नियम प्रेमाने ऐकविण्यास हरकत नसावी.

आखणीत पहिला हक्क कोणाचा, हेही आधी ठरवावे. मोटारीला अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा लागते. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या भक्ताच्या मोटारीला तीन मीटर साठ सेंटीमीटर रुंदी हवी, आणि ती जागा दारापाशीच हवी. विश्वस्तांच्या गाड्यांसाठी राखलेली जागा बहुधा हीच असते. उताराची वाट एकास बारा ह्या प्रमाणाहून चढी नसावी. अग्निशामक बंबाची वाट उत्सवाच्या दिवशीही मोकळी राहावी. जुना पिंपळ किंवा निंब असेल, तर त्याच्या बुंध्याभोवती निदान एक मीटर माती उघडी ठेवावी. बुंध्यापर्यंत ब्लॉक भिडविले म्हणजे प्रथम झाड सुकते आणि न सुकले तर मुळांनी ब्लॉक उचलते.

सुरतेत राहून पुराचा विसर पडणे शक्य नाही. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सेकंदाला नऊ लाख घनफुटांहून अधिक पाणी सोडावे लागले आणि नगरीचा बहुतेक भाग जलमय झाला. तो पाऊस सुरतेत पडलेला नव्हता. तापीच्या वरच्या खोऱ्यात, बऱ्हाणपूर-भुसावळकडच्या मुलुखात पडलेला होता. ज्या खानदेशातून माणसे पोटासाठी सुरतेला आली, तेथलेच पाणी त्यांच्या उंबरठ्याशी येऊन उभे राहिले. लिंबायत, पर्वत पाटिया ह्या भागांत तर तापी शांत असतानाही मिठी खाडीचे पाणी चढते. एवढ्या पुरापुढे आवाराच्या नालीची मात्रा चालत नाही, हे मान्य केले पाहिजे. पण पूर ओसरल्यानंतरच्या आठवड्यात नालीची खरी गरज लागते. उतार शंभरास दोन इतका असेल, नालीची झाकणे उचलता येण्याजोगी असतील, तर गाळ दोन दिवसांत निघतो आणि आवारात अन्नछत्र, औषधांची गाडी, पाण्याचा टँकर उभा राहू शकतो. तसे नसेल तर ज्या दिवशी मठाची सर्वांत अधिक गरज, त्या दिवशी त्याचे दार चिखलाने बंद राहते.

काम पुरे झाल्यावर भूमीखाली काय काय आहे ह्याचा नकाशा करून घ्यावा: वाहिन्या कोठून गेल्या, किती खोल, टांके कोठे भरले, नालीचा उतार कोणत्या बाजूला. त्याची एक प्रत हिशेबाच्या वह्यांबरोबर दप्तरात आणि दुसरी आवाराची झाडलोट पाहणाऱ्या सेवकाजवळ असावी. कारण विश्वस्त पालटतात, सेवक मात्र वर्षानुवर्षे तोच असतो. दरवर्षी मृग लागण्यापूर्वी त्याने नालीची झाकणे उघडून गाळ काढावा, ब्लॉकांच्या सांध्यांतून गेलेली वाळू पुन्हा झाडून भरावी, आणि पहिल्या मोठ्या सरीत छत्री घेऊन आवारातून एक फेरी मारावी. पाणी जेथे थांबलेले दिसेल तेथे त्याने खडूने खूण करावी. ती खूण पाऊस पुसून टाकण्यापूर्वी नकाशावर उतरविण्याचे काम मात्र मंडळाच्या चिटणिसाचे.